कोडमावशी आणि दीड तासाचं शेपूट

कोडमावशींच्या धाकट्या भावाच्या अंगठ्याला एकदा दाराचा कोपरा लागला आणि त्यानं घर डोक्यावर घेतलं. मावशी स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या आणि बर्फ आणायच्या आधी त्यांनी विचारलं, "उजवा की डावा?"

"अगं ताई, जीव चाललाय माझा!"

"अंगठ्यातून जीव जात नाही. उजवा की डावा? नख उचकटलंय का? आणि पहिल्यांदाच लागलंय, की मागच्या दुखण्यावर पुन्हा?"

भावानं कळवळत सगळी उत्तरं दिली. बहिणीचा स्वभाव त्याला ठाऊक होता. उत्तरं पुरी झाल्याशिवाय बर्फ मिळत नसे.

मावशींचा इलाज नव्हता. त्या सव्वीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात, धुलाईखाना आणि मोडक्या चाकांच्या खुर्च्यांचं गोदाम यांच्या मधल्या खोलीत बसून हेच काम करत होत्या. माणसाच्या शरीरावर सुरी, सुई, कात्री किंवा दुर्बीण घेऊन जे जे म्हणून करता येतं, त्या प्रत्येकाला एक पाच आकडी अंक ठरलेला आहे. त्या अंकाला म्हणायचं कोड. शस्त्रक्रिया झाली की डॉक्टर काय केलं ते लिहून काढतात. ती नोंद तळघरात येते. मावशी ती वाचायच्या, तिचा अंक काढायच्या, खाली सही करायच्या. मग तो अंक विमा कंपनीकडे जायचा. विमावाले ना रोग्याचं तोंड बघतात ना डॉक्टरचं. ते अंक बघतात आणि पैसे पाठवतात. थोडक्यात, वरच्या मजल्यावर लोक रक्त सांडत आणि खाली मावशी त्याचे आकडे करत.

हे काम वाटतं तितकं सोपं नाही. "पाठीवरचा तीळ काढला" असं कुणी लिहिलं की मावशींच्या कपाळाला आठी पडे. केवढा तीळ? नुसता खरवडला की खोल कापला? टाके घातले की पट्टी चिकटवली? प्रत्येकाचा अंक निराळा. शिवाय एकाच कामाचे तुकडे करून दोन अंक लावायचे नाहीत. पोट उघडण्याचे वेगळे आणि शिवण्याचे वेगळे पैसे मागणं म्हणजे शिंप्यानं शर्टाची शिलाई घेऊन वर काजांचं निराळं बिल लावण्यासारखं. मात्र नेहमीचीच शस्त्रक्रिया एखाद्या वेळी फार अवघड निघाली, तर मूळ अंकापुढे आणखी दोन आकडे जोडता येत. तळघरात त्याला शेपूट म्हणत. शेपूट लागलं की पैसे वाढत. म्हणून त्याला पुरावा लागे. अडचण काय होती, कशामुळे होती, वेळ किती जास्त लागला, हे सगळं डॉक्टरनं लिहिलेलं पाहिजे.

मावशींच्या टेबलामागे भिंतीवर एक पाटी होती: 'लिहिलं नाही, तर झालं नाही.' ती त्यांना इतकी पाठ झाली होती, की तिची उलटी बाजूही खरीच असणार असं त्या धरून चालल्या होत्या. लिहिलंय म्हणजे झालंच असणार.

नोंदीत काही अर्धवट असलं तर मावशी पिवळ्या चिठ्ठीवर प्रश्न लिहून डॉक्टरांकडे पाठवत. चिठ्ठीचा कायदा एकच: प्रश्नाच्या पोटात उत्तर ठेवायचं नाही. 'काच तूच फोडलीस ना?' असं विचारायचं नाही, 'काच कशी फुटली?' असं विचारायचं. नव्या माणसांना हा कायदा शिकवताना मावशी टेबलावर पट्टी आपटत. ती पट्टी आणि तो आवाज यांच्यामुळे मोठे डॉक्टर त्यांना हेडमास्तरीणबाई म्हणत.

मोठे डॉक्टर म्हणजे पोटाचे सर्जन. हातात जादू, तोंडात साखर आणि लेखणीत दुष्काळ. त्यांची नोंद तीन ओळींची असे. "पोट उघडलं. पित्ताशय काढलं. पोट बंद केलं." जणू कपाटातून कोट काढला. मावशींनी चिठ्ठी पाठवावी, 'कोणत्या बाजूनं?' उत्तर यायचं, 'आतल्या.' मावशी चिडत, हसत, आणि ती चिठ्ठी शेजारच्या टेबलावर दाखवत. शेजारी एक टक्कल पडलेले गृहस्थ बसत. त्यांना सगळे दोन नंबर म्हणत. टेबलाच्या क्रमांकावरून, चारित्र्यावरून नव्हे. ते मावशींपेक्षा दोन वर्षांनी मोठे असूनही त्यांना मावशी म्हणत, कारण अख्खं इस्पितळच म्हणायचं.

या डॉक्टरांनी अकरा वर्षांपूर्वी मावशींच्या नवऱ्याचा जीव वाचवला.

नवरा घड्याळं दुरुस्त करणारा. बाजाराच्या कोपऱ्यावर कपाटाएवढं दुकान. जगातली प्रत्येक गोष्ट किती मिनिटांत झाली हे त्याला सांगता येई. भाताला किती, केस कापायला किती, सासूच्या फोनला किती. लहानपणी अपेंडिक्स फुटून त्याच्या पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली होती. त्यामुळे पुढे पित्ताशय बिघडलं तेव्हा आतले पदर एकमेकांना असे चिकटलेले निघाले, की तासाभराच्या कामाला दोन तास चाळीस मिनिटं लागली. मावशींनी बाहेर बाकावर बसून त्यातलं प्रत्येक मिनिट मोजलं. डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. "हेडमास्तरीणबाई," ते म्हणाले, "तुमच्या घड्याळवाल्यानं आज माझे काटे ढिले केले. पण चालू झालाय."

नोंद मात्र चार ओळींची आली. चौथी ओळ: "पदर चिकटले होते, सोडवले." बस्स. नात्यातल्या माणसाची फाइल आपण करायची नाही हा नियम होता, म्हणून ती तळघराच्या तेव्हाच्या साहेबांकडे गेली. त्यांनी खांदे उडवले. "एवढ्यावर शेपूट कसं लावू?"

मावशींना हे पटेना. ज्या माणसानं घामानं निथळत आपलं कुंकू राखलं, त्याच्या कष्टाला शेपूट नाही? त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा, आणि शेवटचीच, आपला कायदा मोडला. पिवळ्या चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं: 'पूर्वीच्या शस्त्रक्रियेमुळे आतले पदर एकमेकांस घट्ट चिकटले होते व ते सोडवण्यास नेहमीपेक्षा सुमारे दीड तास अधिक लागला, हे बरोबर का?'

वेगळ्या कागदावर उत्तर आलं: 'बरोबर.' खाली एक हसरा चेहरा. शेपूट लागलं. नवऱ्यानं बरं झाल्यावर एक जुनं हातघड्याळ महिनाभर खपून नव्यासारखं केलं आणि डॉक्टरांना नेऊन दिलं. वर्षातून एकदा ते घड्याळ दुकानात सफाईला येई आणि फुकट दुरुस्त होऊन परत जाई.

त्यानंतर चमत्कार झाला. डॉक्टरांची लेखणी फुलली. नोंदी लांबल्या. अडचण, कारण, वेळ, सगळं जिथल्या तिथे. मावशींना वाटलं, आपण एका माणसाला लिहायला शिकवलं. आपला हट्ट कामी आला. त्यांनी डॉक्टरांची एक नोंद रोग्याचं नाव खोडून भिंतीवर टाचली आणि वर लाल शाईनं लिहिलं, 'आदर्श नोंद.' नवीन माणूस आला की पट्टीनं ती दाखवायच्या. "याला म्हणतात लिहिणं!"

हे असं अकरा वर्षं चाललं.

मग भावाचं पित्ताशय बिघडलं. हा भाऊ इंजेक्शनचं नाव काढलं तरी घेरी येऊन पडणारा. अंगाला आजवर सुरी लागली नव्हती. केस कापतानाही डोळे मिटून बसायचा. मावशी आणि घड्याळवाले बाहेर बाकावर बसले. मावशींनी लोकरीच्या चार ओळीही विणल्या नव्हत्या, तोच दार उघडलं.

"चौतीस मिनिटं," घड्याळवाले म्हणाले.

डॉक्टर हसत बाहेर आले. "हेडमास्तरीणबाई, तुमच्या भावाचं पोट म्हणजे नुकतीच झाडून ठेवलेली खोली. गेलो, उचललं, आलो. चार बारीक भोकं. आठवड्यात नाचेल."

मावशींचे डोळे भरून आले. घड्याळवाल्यांनी डॉक्टरांच्या मनगटाकडे बघून हळूच विचारलं, "बरोबर चालतंय ना?" डॉक्टरांनी मनगट उंच केलं. "सेकंदाचाही फरक नाही, राजे."

तीन दिवसांनी भावाची फाइल तळघरात आली. नियमाप्रमाणे ती दोन नंबरांकडे गेली. ते वाचता वाचता म्हणाले, "अरेरे. मावशी, तुमच्या भावाच्या आत फारच गुंता होता हो. बिचारा. कसा आहे आता?"

"गुंता? कसला गुंता?"

"हे काय. पूर्वीच्या शस्त्रक्रियेमुळे आतले पदर एकमेकांस घट्ट चिकटले होते व ते सोडवण्यास नेहमीपेक्षा सुमारे दीड तास अधिक लागला."

मावशींचा हात चहाच्या कपावरच राहिला. वाक्य ओळखीचं होतं. नोंदींमध्ये ते रोजच असे, म्हणून नव्हे. आज ते पहिल्यांदाच कानांनी ऐकलं, आणि ऐकताना त्यांना आपलाच आवाज ऐकू आला.

"कुठली पूर्वीची शस्त्रक्रिया?" त्या म्हणाल्या. "त्याला साधा फोड फोडू देत नाही कुणी."

"मला काय माहीत? लिहिलंय."

मावशी उठल्या. भुलीच्या डॉक्टरांचा कागद निराळ्या खोलीत जातो. त्यात भूल केव्हा दिली, सुरी केव्हा लागली, शेवटचा टाका केव्हा पडला, हे मिनिटांत असतं. त्याचे अंक काढणारी माणसं वेगळी. दोन्ही खोल्यांच्या मध्ये अकरा पावलं आणि एक दार. सव्वीस वर्षांत मावशी त्या दारातून फक्त कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक खायला गेल्या होत्या.

भावाचा कागद: सुरुवात ते शेवट, चौतीस मिनिटं.

मग त्यांनी डॉक्टरांच्या गेल्या वर्षभरातल्या शेपूटवाल्या साठ फाइली काढल्या. जेवणाचा डबा तसाच राहिला. एकेक नोंद डावीकडे, एकेक भुलीचा कागद उजवीकडे. एक्केचाळीस फाइलींत अख्खी शस्त्रक्रिया तासाच्या आत संपली होती, आणि त्या तासाच्या आत दीड तास जास्तीचा लागला होता. अकरा वर्षं मावशींनी हे तपासून, अंक काढून, शेपूट लावून, खाली सही केली होती. सही अशी की टेकून कुणी झोपावं, इतकी भक्कम. आणि बिलाचा थोडा वाटा रोग्यालाही भरावा लागत असल्यामुळे, एक्केचाळीस माणसांनी आपल्या खिशातून त्या शेपटाचे केस विकत घेतले होते.

दोन नंबर कधी येऊन मागे उभे राहिले ते कळलं नाही. "मावशी," ते म्हणाले, "हे झाकून ठेवा. निवृत्तीला तीन वर्षं आहेत तुमच्या. सह्या तुमच्या आहेत."

"माहीत आहेत मला माझ्या सह्या," मावशी म्हणाल्या. पण त्यांचा आवाज पट्टीचा नव्हता.

डॉक्टर आपल्या खोलीत सफरचंद खात होते. मावशींना बघून त्यांनी खुर्ची ओढून दिली. हे त्यांचं नेहमीचं. मोठा माणूस, पण मान देणारा.

"काय म्हणतो झाडलेल्या खोलीचा मालक?"

मावशींनी भावाची नोंद पुढे ठेवली. "ही कुणाच्या पोटाची हकीकत आहे?"

डॉक्टरांनी वाचली. चेहऱ्यावर एक सुरकुती हलली नाही. मग ते हसले, अगदी मनापासून, आणि तेच मावशींना सहन झालं नाही.

"अहो बाई, तुमच्याच नवऱ्याच्या! तुम्हीच तर शिकवलंत. मी तीन ओळी लिहायचो तेव्हा तुम्ही चिठ्ठ्यांचा पाऊस पाडायचात. मग तुम्ही एक चिठ्ठी अशी पाठवलीत, की मला कळलं, अरे, खाली यांना हे हवं असतं!" त्यांनी खण उघडला. आत काचेखाली जपलेल्या फोटोसारखी, प्लास्टिकमध्ये घातलेली ती पिवळी चिठ्ठी होती. "बघा. अजून ठेवलीय. सुरुवातीला बघून लिहायचो, आता पाठ झालंय."

मावशींना वर्षानुवर्षं ठाऊक होतं, की डॉक्टरांनी ती चिठ्ठी जपून ठेवली आहे. परिचारिकांनी सांगितलं होतं. त्यांना वाटलं होतं, आठवण म्हणून.

"ते एकदाच खरं होतं," त्या म्हणाल्या.

"विमावाले तसेही निम्मे पैसे कापतात. आपण थोडं वाढवून मागायचं, ते थोडं कापतात, हिशेब बरोबर. यात कुणाचं काय गेलं?"

"माझा भाऊ त्याचा वाटा भरणार. जो गुंता त्याच्या पोटात नव्हता, त्याचा."

"त्याचं माफ करतो! घरचा माणूस. आधी सांगायचंत." डॉक्टरांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, त्यांना पुढची शस्त्रक्रिया होती. मग चिठ्ठी खणात ठेवता ठेवता, साखर तसूभर कमी न करता ते म्हणाले, "आणि बाई, अक्षर तुमचं आहे. प्रश्नातच उत्तर. तुमच्याच नियमात बसत नाही ना ते?"

मावशी जिना उतरून खाली आल्या. लिफ्ट समोर उभी असतानाही.

तळघरात येऊन त्यांनी एक गोष्ट केली, तिची त्यांना स्वतःलाच लाज वाटली. जुन्या नोंदींच्या खोलीत जाऊन त्यांनी अकरा वर्षांपूर्वीचा, नवऱ्याच्या भुलीचा कागद काढला. आपण स्वतः बाकावर बसून मोजलेली मिनिटं पुन्हा कागदावर बघायला गेल्या. मनातून त्यांना वाटत होतं, तो खोटा निघावा. दोन तास चाळीस मिनिटं डॉक्टर आत पेपर वाचत बसले असावेत. म्हणजे या माणसाचा सरळ राग तरी करता येईल.

कागद खरा होता. सुरुवात, शेवट, मधल्या नाडीचे चढउतार, दोनदा घसरलेला रक्तदाब, रक्ताची एक बाटली. डॉक्टर खरोखरच झुंजले होते. नवरा खरोखरच त्यांच्यामुळे घरी बसून भाताची मिनिटं मोजत होता. मावशी दोन कपाटांच्या मध्ये, धुळीत, उकिडव्या बसून रडल्या.

घरी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. घड्याळवाल्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं नाही; बहुधा मुद्दामच.

"अहो, काहीतरी बोला."

"माझे दीड तास खरे होते ना?"

"खरे होते."

"मग त्यांनी ते एक्केचाळीस जणांना वापरायला दिले," घड्याळवाले म्हणाले. "माझं दुखणं होतं ते. विचारायला हवं होतं."

"मी तक्रार केली तर आधी माझीच चिठ्ठी बाहेर येईल. नोकरीही जाईल कदाचित. आणि लोक म्हणतील, जीव वाचवणाऱ्याला उलटली."

"लोकांचं सोड. तू काय म्हणशील?"

नवऱ्यानं प्रश्नाच्या पोटात उत्तर ठेवलं नव्हतं, हे मावशींच्या ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीवरची आदर्श नोंद काढली. टाचणी अकरा वर्षांत इतकी रुतली होती, की भिंतीचा पोपडा निघाला. दोन नंबरांना त्या म्हणाल्या, "भावाच्या अंकाला शेपूट लावू नका." मग एक जाड फाइल घेऊन त्या तपासणी विभागाच्या बाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

बाईंनी पहिलं पान, म्हणजे अकरा वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीची मावशींनी लिहिलेली कबुली, वाचलं आणि चष्मा खाली केला. "मावशी, हे पान तर तुमच्याच विरुद्ध आहे."

"क्रमानं लावलंय," मावशी म्हणाल्या. "सुरुवात तिथूनच झाली."

चौकशी सुरू झाली. अशा गोष्टी चालतात तशी, अंगावरून गोगलगाय गेल्यासारखी. डॉक्टरांना समज मिळाली आणि एक्केचाळीस बिलं दुरुस्तीला गेली. मावशींना नियमभंगाबद्दल शस्त्रक्रियांच्या टेबलावरून उठवून कानातला मळ, पट्ट्या आणि लसी यांच्या टेबलावर बसवलं. तिथे शेपूट कशालाच लागत नाही. दोन नंबर त्यांच्या जागी गेले आणि रोज अकरा पावलं चालून भुलीचे कागद बघू लागले. कंबर दुखते म्हणून मावशींच्या नावानं कुरकुरतात. डॉक्टर जिन्यात भेटले तर वळण होईपर्यंत मोबाइलमध्ये बघतात. हेडमास्तरीणबाई कुणी म्हणत नाही. डॉक्टरांच्या नोंदी पुन्हा तीन ओळींच्या झाल्यात असं दोन नंबर सांगतात, आणि मावशी म्हणतात, "असू दे." पूर्वी या बातमीनं त्यांच्या कपाळाला आठी पडली असती.

गेल्या महिन्यात इस्पितळाचा एक शिपाई घड्याळवाल्यांच्या दुकानात आला. पाकिटात डॉक्टरांचं हातघड्याळ. सोबत चिठ्ठी नाही, निरोप नाही. पट्टा तुटला होता.

मावशी डबा घेऊन दुकानात आल्या होत्या. त्यांनी घड्याळ ओळखलं. "परत पाठवा तसंच."

"घड्याळानं काय केलंय?" घड्याळवाले म्हणाले. त्यांनी मागचं झाकण उघडलं, भिंग लावलं, कानाशी नेऊन ऐकलं. आतलं काम चोख होतं. नवा पट्टा बसवला, काटे बघितले, काच पुसली. मग अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी या घड्याळासाठी पावतीपुस्तक ओढलं आणि पेन हातात धरून बायकोकडे पाहिलं.

"काय लिहू?"

मावशींनी डबा खाली ठेवला. "काय काय केलंत?"

"पट्टा बदलला."

"मग तेवढंच लिहा."

त्यांनी लिहिलं. मावशींनी पावती हातात घेऊन वाचली, पुन्हा एकदा वाचली, घड्याळ उचलून पट्टा खरोखर नवा आहे की नाही ते पाहिलं, आणि मगच ती शिपायाच्या हातात दिली.